कामगार विमा योजना आणि वैद्यकीय दाखला : गैरव्यवहार-प्रतिबंधाचा अभ्यास

प्रस्तावना

खेड तालुक्यातील निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी ही गावे एकेकाळी शेतीवर जगणारी होती. चाकण औद्योगिक क्षेत्राचा विस्तार झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा मोटार कारखाना येथे सुरू झाला, महिंद्रचा वाहननिर्मिती कारखानाही याच पट्ट्यात उभा राहिला आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचे जाळे विणले गेले. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेला कामगार आज या गावांतील भाड्याच्या खोल्यांत राहतो. त्याला काही दुखले-खुपले तर तो प्रथम कोपऱ्यावरच्या दवाखान्यात येतो, आणि पुष्कळदा तो दवाखाना बी.ए.एम.एस. पदवीधराचा असतो.

या कामगाराबरोबर आपल्या दवाखान्यात रोग येतो, तशीच कागदाची मागणीही येते. कधी रजेसाठी दाखला, कधी कामावर रुजू होण्यासाठी फिटनेस, कधी भरपाईसाठी बिल. औषधाच्या मात्रेबाबत आपण जागरूक असतो, परंतु दाखल्याच्या मात्रेबाबत तितके जागरूक असतोच असे नाही. चुकीच्या औषधाने एका रुग्णाचे नुकसान होते. चुकीच्या दाखल्याने हजारो कामगारांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीचे, किंवा याच्या उलट, हात गमावलेल्या एका कामगाराच्या आयुष्यभराच्या हक्काचे नुकसान होते. म्हणून या विषयाचा आपल्या शास्त्राच्या पद्धतीने, म्हणजे हेतू, लक्षण व प्रतिबंध या क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

योजनेचे स्वरूप

कामाच्या ठिकाणी झालेल्या अपघाताची भरपाई देणारा पहिला कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. त्यानंतर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रत्यक्ष आरंभ झाला. हे दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. कायद्याचे नाव बदलले, तरी व्यवस्थेचा गाभा तोच आहे.

हा निधी वर्गणीतून उभा राहतो. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर मालकाकडून वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराकडून ०.७५ टक्के असा ठरविण्यात आला. या वर्गणीच्या बदल्यात मिळणाऱ्या लाभांपैकी तीन लाभ वैद्यकीय दाखल्यावर थेट अवलंबून असतात.

१) आजारपणाचा लाभ : ठराविक काळ वर्गणी भरलेली असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के.

२) तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ : कामाच्या ओघात झालेल्या इजेसाठी, अपंगत्व टिकेपर्यंत ९० टक्के. यासाठी आधी ठराविक काळ वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क उत्पन्न होतो.

३) कायम अपंगत्वाचा लाभ : वैद्यकीय मंडळाने ठरविलेल्या कमाईक्षमतेच्या हानीच्या प्रमाणात.

योजनेतील नियमित दाखला देण्याचा अधिकार विमा वैद्यकीय अधिकारी व योजनेने नेमलेले वैद्यकीय व्यावसायिक यांना असतो. पहिला, मधला व अखेरचा असे दाखल्यांचे टप्पे रूढ आहेत. तथापि विशिष्ट परिस्थितीत नोंदणीकृत खाजगी वैद्यकाचा दाखला पर्यायी पुरावा म्हणून विचारात घेण्याची तरतूद योजनेच्या नियमांत राहिली आहे. याखेरीज आपला केसपेपर हा पुष्कळदा अपघातानंतरचा पहिला लेखी कागद असतो. चिंचवडच्या मोहननगर येथील राज्य कामगार विमा रुग्णालयात कामगार पोहोचतो तेव्हा त्याच्या खिशात आपली चिठ्ठी असते, हे विसरून चालणार नाही.

गैरव्यवहाराचे प्रकार

गैरव्यवहार म्हटले की खोटे आजारपण दाखवून रजा घेणारा कामगार डोळ्यांपुढे येतो. तो एक प्रकार झाला, पण एकमेव नव्हे. आमच्या मते या विकाराचे चार प्रकार करता येतात.

१) अस्तित्वात नसलेला रोग दाखविणे. गावी सुगी आहे, लग्न आहे, ठेकेदार रजा देत नाही. मग कटिशूल किंवा ज्वराचा दाखला मागितला जातो. आठवडा उलटून गेल्यावर मागील तारखेचा दाखला मागणे हाही याच जातीचा प्रकार होय.

२) अस्तित्वात असलेली इजा लपविणे. हा आमच्या औद्योगिक पट्ट्यातील सर्वांत घातक प्रकार. प्रेस मशीनमध्ये बोट चिरडते. कामगाराची विमा नोंदणी ठेकेदाराने केलेलीच नसते. सुपरवायझर त्याला दुचाकीवर बसवून खाजगी दवाखान्यात आणतो आणि ‘खोलीवर दारात बोट सापडले असे लिहा, खर्च आम्ही देतो’ असे सांगतो. किंवा नोंदणी होईपर्यंत चार दिवस थांबून अपघाताची तारीख पुढची टाकण्याचा आग्रह धरतो. वाहन उद्योगातील अपघातांचा अभ्यास करणाऱ्या सेफ इन इंडिया या संस्थेने २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘क्रश्ड’ अहवालांतही अनेक जखमी कामगारांच्या हाती विमा कार्ड अपघातानंतरच पडल्याचे नोंदविले आहे.

३) न केलेल्या किंवा अनावश्यक उपचारांचे बिल करणे. योगबस्तीचे ८ बस्ती द्यावयाचे आणि कर्मबस्तीच्या ३० बस्तींचे पैसे लावावयाचे. अभ्यंग-स्वेदनाच्या पाच बैठकांच्या पंधरा करावयाच्या.

४) औषधालयाशी संगनमत. दिले एक, लिहिले दुसरे. चूर्णाऐवजी सुवर्णकल्पाचे बिल. रुग्ण पाठविल्याबद्दल दलाली. औषध न नेता केवळ बिल विकत नेणे.

पहिल्या प्रकारात निधीचे नुकसान होते व दुसऱ्यात कामगाराचे. दोहोंमध्ये हत्यार मात्र एकच असते, आणि ते म्हणजे आपली सही व शिक्का.

प्रतिबंधाचे पहिले साधन : ऐकलेले, पाहिलेले, अनुमानिलेले

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण पहिल्या वर्षापासून शिकलो. चरकाने विमानस्थानात रोगविशेषविज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान ही साधने सांगितली आहेत. दाखला लिहिताना आपण हा विवेक सोडून देतो आणि रुग्णाने सांगितलेले, आपण पाहिलेले व आपण तर्काने जाणलेले हे सर्व एकाच वाक्यात मिसळतो. ‘कंपनीत पडल्यामुळे पाठीला इजा झाली आहे’ या वाक्यात कंपनीत पडणे आपण पाहिलेले नाही, इजा मात्र पाहिलेली आहे. म्हणून केसपेपरवर तीन स्वतंत्र भाग असावेत असे आम्ही सुचवितो.

अ) रुग्णाचे कथन : इजा कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणते काम करीत असता झाली. हे त्याच्याच शब्दांत लिहावे व ‘रुग्णाने सांगितल्याप्रमाणे’ असा उल्लेख करावा. सोबत आलेल्या व्यक्तीने वेगळे सांगितल्यास तेही वेगळे नोंदवावे. प्रश्न विचारताना सोबतच्या व्यक्तीस क्षणभर बाहेर थांबण्यास सांगावे. चतुष्पादांत रुग्णाचा एक गुण ज्ञापकत्व सांगितला आहे. दडपणाखाली असलेल्या रुग्णाचे ज्ञापकत्व लोपते.

आ) प्रत्यक्ष निष्कर्ष : व्रणाचे स्थान, लांबी, खोली, कडा, रक्तस्राव, शोथ, वैवर्ण्य. शक्य तेथे आकड्यांत.

इ) अनुमान : प्रत्यक्ष निष्कर्ष हे रुग्णाच्या कथनाशी जुळतात किंवा जुळत नाहीत, एवढेच. ‘खोटे बोलतो’ असा निवाडा देणे हे आपले काम नाही.

ही पद्धत वैद्याचेही रक्षण करते. उद्या चौकशी झाली तर आपण जे पाहिले तेवढ्याचीच ग्वाही आपल्याला द्यावी लागेल.

दुसरे साधन : व्रणाची अचूक नोंद

सुश्रुताने सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. प्रेस मशीनखाली चिरडलेले बोट हे पिच्चिताचे उदाहरण होय. दारात सापडलेले बोट व शेकडो टन दाबाच्या यंत्रात सापडलेले बोट यांत बहुधा मोठा फरक असतो. अस्थीचा चुरा, त्वचेत रुतलेले तेल व ग्रीज, धातूचे कण हे दिसले तर तसे लिहावे. त्यावरून निष्कर्ष काढणारे पुढे काढतील.

अचूकतेचे आर्थिक मूल्य किती असते ते पाहावे. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास कमाईक्षमतेची हानी ३० टक्के धरलेली होती. संपूर्ण तर्जनीसाठी १४, तिच्या दोन पेरांसाठी ११ व एका पेरासाठी ९ टक्के. याच धर्तीची सूची नव्या संहितेतही आहे. ‘उजव्या हाताच्या बोटाला इजा’ एवढेच लिहिणाऱ्या वैद्याने कोणताही गैरव्यवहार केलेला नसतो, परंतु गैरव्यवहारास वाव मात्र ठेवलेला असतो. कोणता हात, कोणते बोट, कितवे पेर हे लिहिलेच पाहिजे. पट्टी बांधण्यापूर्वी रुग्णाच्या संमतीने मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवणे इष्ट.

बाह्य लक्षण नसलेल्या विकारांत अधिक दक्षता हवी. जुळणीच्या कामावर उभा राहणारा कामगार कटिशूल, गृध्रसी, मन्यास्तंभ घेऊन येतो. या तक्रारी खऱ्या असतात व त्यांचे सोंग करणेही सोपे असते. गृध्रसीमध्ये पाय सरळ वर उचलताना किती अंशांवर वेदना होते ते लिहावे. रुग्ण पलंगावर पाय सोडून बसला असता, दुसऱ्याच गोष्टीविषयी बोलत असता, तीच हालचाल पुन्हा पाहावी. दोन्ही निष्कर्ष नोंदवावेत. विश्रांतीही एकदम महिनाभराची न लिहिता थोड्या दिवसांची लिहून फेरतपासणीस बोलवावे. खरा रुग्ण परत येतो व त्याचा उपशय-अनुपशयही आपल्याला कळतो.

व्यवसायजन्य रोगांबाबत एक विशेष सूचना. शिशाच्या संपर्काने होणारा विकार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. बॅटरी अथवा शिसे हाताळणाऱ्या कामगारास नागभस्मयुक्त कल्प दिला गेला असेल, तर त्याची मात्रा, कालावधी व उत्पादकाचे नाव नोंदलेले असलेच पाहिजे. अन्यथा रक्तातील शिसे कारखान्यातून आले की औषधातून, हा वाद उभा राहून खरा हक्कदार अडचणीत येतो. अशा रुग्णास हे कल्प टाळणेच श्रेयस्कर असे आमचे मत आहे.

तिसरे साधन : तारीख

दाखल्यावर तीन तारखा असाव्यात. इजेची किंवा रोगारंभाची (रुग्णाच्या कथनानुसार), तपासणीची, व दाखला दिल्याची. तपासणीची तारीख कधीही मागेपुढे करू नये. आज प्रथमच आलेल्या रुग्णाने आठ दिवसांपूर्वीपासूनचा दाखला मागितला, तर ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार आठ दिवसांपासून त्रास, आज प्रथम तपासणी’ असे लिहिता येते. ते सत्यही आहे आणि रुग्णाला उपयोगीही आहे.

दाखल्यांचे पुस्तक क्रमांक छापलेले असावे, प्रत्येकाची दुसरी प्रत दवाखान्यात राहावी, रुग्णाची सही किंवा अंगठा घ्यावा, रद्द केलेला दाखला फाडून न टाकता पुस्तकातच ठेवावा. कोऱ्या दाखल्यांवर सही करून ती मदतनिसाच्या स्वाधीन करणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावर टांगण्यासारखे आहे. पंचकर्माच्या प्रत्येक बैठकीची वेळ व रुग्णाची सही नोंदवावी. कारखान्यात आज हजेरी यंत्रावर नोंदली जाते. सकाळच्या पाळीत कामावर असलेल्या कामगारास त्याच वेळी स्वेदन दिल्याचे बिल चौकशीत टिकत नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली विक्री परवाना लागत नाही. ही सवलत आहे, तशीच जबाबदारीही आहे, कारण मग बिल हाच मुख्य पुरावा उरतो. बिलावर रुग्णाचे नाव, वैद्याचे नाव, कल्पाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, परिमाण व किंमत असावी. खरेदीच्या बिलांशी विक्री जुळली पाहिजे. दहा डब्या विकत घेऊन पन्नास डब्यांची बिले निघत असतील, तर ते लपून राहत नाही.

स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध तयार करणाऱ्या वैद्यास उत्पादन परवान्यातून कायद्याने सूट दिलेली आहे. ही आपल्या परंपरेची राखण होय. परंतु ‘विशेष मिश्रण, रु. ३,०००’ असे बिल कोणत्याही विमा योजनेने का मान्य करावे? घटकद्रव्ये, प्रत्येकाचे प्रमाण व योजनेचे कारण लिहिलेच पाहिजे.

याबाबत अमेरिकेचा धडा बोलका आहे. तेथे संघराज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९१६ पासून अपघात-भरपाईची योजना आहे. २०११ नंतरच्या काही वर्षांत या योजनेत मिश्रण करून बनविलेल्या औषधांचा, विशेषतः वेदनाशामक मलमांचा खर्च कित्येक पटींनी वाढला. मलमात जितके घटक अधिक तितके बिल मोठे, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्यास दलाली, असे प्रकार खटल्यांतून उघड झाले. अखेर ऑक्टोबर २०१६ पासून अशा मिश्रणासाठी वैद्यकाने त्याची आवश्यकता लेखी पटवून द्यावी, असा नियम करावा लागला. काहींच्या लबाडीमुळे प्रामाणिक औषधनिर्मात्यासही प्रत्येक मलमासाठी स्पष्टीकरण देणे भाग पडले. आपल्याकडील चूर्णमिश्रणांवर ती वेळ येऊ द्यावयाची नसेल, तर शिस्त आपण आधीच लावून घ्यावी.

आपल्या शेजारीही उदाहरण आहे. तेलंगणात सप्टेंबर २०१९ मध्ये कामगार विमा वैद्यकीय सेवेच्या औषधखरेदीत बनावट मागणीपत्रे व वाढीव दर यांच्या आरोपांवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने संचालकांसह अनेक अधिकारी, कर्मचारी व पुरवठादारांना अटक केली. आरोप न्यायालयाच्या कसोटीस लागावयाचे असतात, हे मान्य. तथापि मागणीपत्र, पुरवठा व साठा यांचा मेळ नसला की प्रकरण कोठपर्यंत जाते, हे यावरून कळते.

नकार कसा द्यावा?

प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही, पोटाचाही आहे. ज्या ठेकेदाराचे दोनशे कामगार आपल्या दवाखान्यात येतात, त्याला नकार देणे सोपे नाही. दाखला न मिळालेला रुग्ण पुढच्या दवाखान्यात जातो हेही खरे. यावर आम्हास तीन उपाय सुचतात.

एक, नियमाची पाटी दर्शनी भागी लावावी : ‘मागील तारखेचा दाखला मिळणार नाही. अपघाताची नोंद रुग्णाने सांगितल्याप्रमाणेच होईल.’ पाटीने नकार व्यक्तिगत राहत नाही.

दोन, नकारासोबत योग्य मार्ग दाखवावा. नोंदणी झालेली नाही म्हणून घाबरलेल्या कामगारास सांगावे की मालकाने नोंदणी केली नाही वा वर्गणी भरली नाही, तरी कामगाराचा हक्क त्यामुळे बुडत नाही. महामंडळ लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते. कामावर जाता-येता झालेला अपघातही काही अटींवर २०१० पासून कामाच्या ओघातील अपघात मानला जातो. पुष्कळदा खोटे सांगण्याची गरज अज्ञानातून उत्पन्न झालेली असते. ज्याला खरे सांगूनही लाभ मिळणार आहे, तो खोटे कशाला सांगेल?

तीन, एका गावातील सर्व वैद्यांनी एकत्र बसून समान नियम ठरवावा. निघोज्यात नकार व कुरुळीत होकार असे झाल्यास नियमाला अर्थ राहत नाही. आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी हा विषय मासिक सभेत घ्यावा अशी आमची विनंती आहे.

कायद्याची बाजूही ध्यानी असावी. १९४८ च्या कायद्याच्या कलम ८४ नुसार लाभासाठी खोटे निवेदन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. नव्या संहितेतही असे निवेदन अपराधच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खोटा दाखला देणे (कलम २३४) व फसवणूक (कलम ३१८) हे अपराध आहेत. शिवाय परिषदेकडील नोंदणीवर येणारे गंडांतर वेगळेच.

उपसंहार

चरकाने वैद्याचे चार गुण सांगताना शास्त्रज्ञान, अनुभव व दक्षता यांबरोबर शौच हा गुण सांगितला आहे. शौच म्हणजे हात धुणे एवढाच अर्थ आपण घेत आलो. दाखल्याच्या पुस्तकाची व बिलबुकाची शुचिता हाही त्याचाच विस्तार मानावा असे आम्हास वाटते. वैद्याचा वेष घेऊन वावरणाऱ्यास चरकाने छद्मचर म्हटले आहे. पदवी खरी व दाखला खोटा असेल, तर आपली गणना कोणत्या वर्गात होईल याचा विचार प्रत्येकाने करावा.

कामगार विमा योजनेत आयुर्वेदास अधिक स्थान मिळावे ही आपली रास्त मागणी आहे. आपले कागद विश्वासार्ह ठरले, तरच त्या मागणीला वजन येईल.

स्वाध्याय

१) एक कामगार उजव्या तर्जनीच्या पिच्चित व्रणासह आला आहे. सोबतचा सुपरवायझर ‘खोलीवर लागले’ असे सांगतो, रुग्ण गप्प आहे. केसपेपरचे तीनही भाग लिहून पाहा.

२) आज प्रथम आलेल्या ज्वराच्या रुग्णास सहा दिवस आधीपासूनचा दाखला हवा आहे. सत्यास बाध न आणता दाखला कसा लिहाल?

३) आपल्या दवाखान्यातील मागील महिन्याचे दाखले काढून त्यांत तपासणीची तारीख, इजेचे नेमके स्थान व विश्रांतीचे कारण किती ठिकाणी लिहिले आहे ते मोजा.

४) औषधविक्रेत्यांनी कोणत्याही एका कल्पाची तीन महिन्यांची खरेदी, विक्री व शिल्लक यांचा मेळ घालून पाहावा.